दुसरी पायरी

९ जानेवारी १९५५, रविवार

सलग झोप लागली. कोंबडा आरवल्यावर जाग आली तेव्हा आधी वाटलं, मी मेले आहे. मग रुखमाबाईंच्या खराट्याचा आवाज आला आणि खात्री पटली की मेल्यावरही एवढी धूळ उडत नसेल.

माझे यजमान, मास्तर, गेले तेव्हापासून अशी झोप नव्हती. पोंभुर्ण्यात मला सगळे निधड्या छातीची बाई म्हणतात. व्यासपीठावर मी कोणाला भीत नाही हे खरं, पण अंधार पडला की घरात मास्तरांच्या खोकल्याचा आवाज येई आणि छाती धडधडू लागे. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टर गुणवंतरावांना सांगितलं.

हा माणूस नागपूरची चांगली चाललेली प्रॅक्टिस सोडून दसऱ्यानंतर इथे आला. गावाबाहेर लाकूड ठेकेदाराचा रिकामा बंगला भाड्याने घेतला आणि ‘मनःस्वास्थ्य केंद्र’ अशी पाटी लावली. विलायतेत शिकलेला आहे, पण औषधाची बाटली देत नाही. तुम्ही बोलायचं, त्यांनी ऐकायचं. आयुष्यभर लोकांनी माझं ऐकलं; पण मी काय म्हणत नाही ते ऐकणारा हा पहिला माणूस. मी त्यांची ऋणी आहे. इथे लिहून ठेवते, कारण माणूस बरा झाला की उपकार विसरतो.

१६ जानेवारी, रविवार

बाजाराच्या चौकात सभा झाली. विषय संततिनियमनाचा. मी म्हटलं, बाईचं शरीर म्हणजे पाप नव्हे आणि शेतही नव्हे, की दरसाल पेरलंच पाहिजे. शालिकरामजी नेहमीप्रमाणे उठले. धान्याचे व्यापारी, भजनी मंडळाचे अध्यक्ष, माझे कायमचे विरोधक.

“हे असं बोलणं आमच्या लेकीबाळींनी ऐकायचं?”

“लेकीबाळींनीच ऐकायचं, शालिकरामजी. तुम्हाला लाज वाटत असेल तर कानात बोटं घाला. दोनच कान आहेत, बोटं पुरतील.”

बायांच्या बाजूला हशा पिकला. सभेच्या शेवटी मी सगळ्यांना सांगितलं की मनाचा आजार म्हणजे भूतबाधा नाही, कोंबडं-बकरं देऊ नका, डॉक्टरांकडे जा. तीन बायांनी तिथेच पत्ता विचारला.

भाषण चांगलं झालं याचं श्रेय रुखमाबाईंना. त्या माझ्या मोठ्या जाऊबाई. त्याही विधवा, मीही. दोघींचं एकच घर. प्रत्येक भाषण मी आधी त्यांना म्हणून दाखवते. त्या तांदूळ निवडत असतात. जांभई दिली की मी तो भाग गाळते. हात थांबला की तो भाग ठेवते. शालिकरामजींसाठी तयार ठेवलेली कानाबोटांची कोटी त्यांनाच फार आवडली होती.

२४ जानेवारी, सोमवार

वच्छला आज बोलली!

इस्तारी तलावावर मासेमारी करतो, त्याची ही बायको. वय बावीस असेल. गेल्या पावसाळ्यात तिचं आठ महिन्यांचं पोर तापाने गेलं. तेव्हापासून तिची दातखीळ बसते, हातपाय ताठ होतात, जिथे उभी असेल तिथे पडते. इस्तारीने गंडे केले, अंगारे केले, त्यात घरातली शेळी गेली. मीच दोघांना डॉक्टरांकडे नेलं. इस्तारी दारात उभा राहून हात जोडत होता आणि म्हणत होता, “बाई, तुमी म्हनता म्हनून आनली. माह्या मनात तं लय भेव हाय.”

मी म्हटलं, “मी म्हणते ना?”

आता पंधरवडाभर झटका आलेला नाही. आज ती डॉक्टरांसमोर म्हणाली, “झिंगे सोलता सोलता मले रडू आलं.” एवढंच एक वाक्य. डॉक्टरांनी बाहेर येऊन मला सांगितलं तेव्हा माझेच डोळे भरून आले. विज्ञानाबद्दल मी हजार भाषणं दिली असतील, पण ते काम करताना असं समोर पाहिलं नव्हतं.

२ फेब्रुवारी, बुधवार

आज माझ्या उपचारात नवा भाग होता. डॉक्टरांचं म्हणणं, माझं दुःख छातीत अडकलं आहे, म्हणून धडधड होते. त्यांनी मला बाजेवर निजवलं, डोळे मिटायला सांगितले आणि छातीवर तळहात ठेवून श्वासाची लय पाहिली. बराच वेळ पाहिली. मी विचारलं, “हे नाडीवरून कळत नाही का?” ते हसून म्हणाले, “मनकर्णाबाई, तुम्हीच तर सांगता की शरीर म्हणजे पाप नव्हे.”

उत्तर बिनतोड होतं. माझंच वाक्य.

घरी येऊन आंघोळ केली. सकाळी एकदा झालेली होती. ऊन फार होतं.

५ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरांकडून आल्यावर पुन्हा आंघोळीला निघाले तर रुखमाबाई म्हणाल्या, “तुया डॉक्टर कोळसा विकते का व? तिथून आली का न्हातेस काऊन?”

मी चिडले. म्हटलं, “ज्याला शरीरशास्त्राचा गंध नाही त्याने बोलू नये.”

“मी कुठी शास्त्र बोलून राह्यली? मी पान्याचं बोलून राह्यली. विहिरीवरून मीच आनतो ना ते.”

नंतर वाईट वाटलं. पाणी मीच भरलं. चार हातांवर राहणाऱ्या माणसांनाही आपण नवा विचार समजावू शकत नाही, मग गावाला काय समजावणार? डॉक्टरांशी यावर बोललं पाहिजे. ते माझ्या संकोचाला ‘जुन्या घराचं कुलूप’ म्हणतात. मी इतकी वर्षं इतरांची कुलपं फोडली आणि माझंच राहून गेलं, हे दाखवून दिल्याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. आज त्यांनी हात बराच वेळ हातात धरून ठेवला होता. मी सोडवून घेतला नाही. मला ते जमलं, असं ते म्हणाले.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरांनी आज मला बाहेरच्या पडवीत बसवून पूर्ण सिद्धांत समजावून सांगितला. मनाची अर्धी गाठ बोलण्याने सुटते. उरलेली अर्धी शरीरात असते, ती शरीरानेच सुटते. तिला ते दुसरी पायरी म्हणतात. रुग्णाचा विश्वास बसला की चिकित्सकाने स्वतः तिचा प्रियकर व्हायचं, काही काळ, उपचारापुरतं. त्यात वासना नसते, असं ते म्हणाले. विलायतेतही हे उघडपणे मांडायला लोक घाबरतात. मग त्यांनी इथल्या गोंडांचा दाखला दिला: त्यांच्यात शरीराची बंधनं नाहीत म्हणून मनाचे आजार नाहीत. मला लगेच त्यांच्यातल्याच जंगूची आई आठवली. तिचा मोठा मुलगा वाघाने नेला, त्यानंतर ती वर्षभर झाडाखाली मुकी बसून होती. पण सिद्धांताला एखादा अपवाद असायचाच.

वच्छलाची दुसरी पायरी येत्या बुधवारी. तिने मान हलवून होकार दिला आहे. इस्तारीला सांगायचं नाही, कारण त्याच्या संशयाने उपचार बिघडेल.

“गावाला कळेल तेव्हा गदारोळ होईल,” डॉक्टर म्हणाले. “तेव्हा बाजू मांडायला इथे एकच माणूस आहे. तुमच्याइतकं हे कोणाला समजणार? आणि मनकर्णाबाई, तुमचीही दुसरी पायरी आता दूर नाही.”

मी भाषण तयार करायचं कबूल केलं. एवढ्या मोठ्या विचाराचा भार माझ्यावर टाकावासा वाटला, हा माझा सन्मान. तरी येताना पाय जड होते. नव्या विचाराचं असंच असतं, पहिल्यांदा पाय जड होतात.

१३ फेब्रुवारी, रविवार

काय लिहू. जे झालं ते सरळ लिहिते.

दुपारी भाषण म्हणायला बसले. रुखमाबाई तांदूळ निवडत होत्या. मी विषय सांगितला नाही, नावं घेतली नाहीत, एकदम मुद्द्यालाच हात घातला. सुरुवात झकास होती. मग म्हटलं, “ती अज्ञान बालिका नव्हे. ती आपल्या पायांनी आली. तिला कोणी बांधून आणलं नाही. तिने होकार दिला. त्यात तिचंच कल्याण आहे, आणि तिचं कल्याण कशात आहे हे तिच्यापेक्षा त्यांना अधिक कळतं. घरच्यांनी यात पडू नये...”

जांभई नाही. हातही थांबलेला नाही. त्या खाली पाहूनच म्हणाल्या, “हे तं मालगुजाराच्या दिवाणजीवानी बोलून राह्यली तू.”

“काय?”

“आठवत नाई? रोवन्याच्या बाया बंगल्यावर बलावत जाय. कोनी इचारलं का दिवानजी हेच म्हने. आपल्या पायानं आली, तिच्या भल्याचं हाय. तूच तं त्याची नक्कल करत होती सभेत. लोक हासूहासू मेले.”

खरं आहे. मालगुजारांची जमीनदारी जाण्याच्या वर्षी मी जिल्हाभर तेच भाषण केलं. दिवाणजीचा आवाज काढून. धान रोवायची मजुरी ज्याच्या हातात, त्याला बाई नाही कशी म्हणेल, असा माझा सवाल असे आणि टाळ्यांनी मांडव हलत असे.

मी म्हटलं, “ते वेगळं होतं. हा डॉक्टर आहे.”

“डॉक्टर?” आता हात थांबला. “कोन्ती बाई?”

मी सांगितलं नाही. कागद घेऊन आत गेले. मालगुजार आणि चिकित्सक यांतला फरक दाखवणारा परिच्छेद लिहायला घेतला. मालगुजार अडाणी, हे विद्वान. मालगुजार स्वतःच्या सुखासाठी, हे तिच्या आरोग्यासाठी. लिहिलं आणि मोठ्याने वाचून पाहिलं. दिवाणजीही हेच म्हणाला असता, मालक थोर आहेत.

बोलताना मी कधी अडखळत नाही. आज अडखळले.

१४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी बंगल्यावर गेले. म्हटलं, “डॉक्टर, माझा एक साधा नेम आहे. चौकात सांगता येत नाही ते मी घरात मानत नाही. दुसरी पायरी तुम्ही स्वतः सभेत समजावून सांगा. मी अध्यक्ष होईन. दगड आले तर आधी मला लागतील.”

ते म्हणाले, “हे लोक तयार नाहीत.”

“मग वच्छला कशी तयार? ती या लोकांतलीच आहे.”

“तिचा माझ्यावर विश्वास आहे.”

“म्हणूनच विचारते.”

ते रागावले नाहीत. उलट हळू आवाजात बोलले, आजारी माणसाशी बोलतात तसे. म्हणाले, तुमचं कुलूप पुन्हा लागलं. तुमचा हा विरोधही आजाराचंच लक्षण आहे. मी विचारलं, “मी हो म्हटलं तर बरी होते आहे आणि नाही म्हटलं तर आजारी आहे, असं का? मग मला नाही म्हणायला जागा कुठे आहे?” त्यावर ते घड्याळाकडे पाहू लागले.

तिथून तलावावर गेले. वच्छला काठावर जाळं वाळत घालत होती. इस्तारी डोंग्यात होता, दूर. मी विचारलं, “बुधवारचं तुला काय सांगितलंय?”

तिने खाली पाहिलं. “सांगतलं.”

“तुझ्या मनात आहे?”

“मनाचं का घेऊन बसलात, बाई.” तिने जाळ्याची गाठ ओढली. “झटके त्याइनं थांबोले. नाई म्हनलं आन् पुन्हा आले तं? ज्याच्या हातात माही दवा हाय, त्याले मी नाई कशी म्हनू? आन् तुमीच तं नेलं मले. तुमी वाईट जागी न्यान का?”

मी उन्हात उभी होते आणि मला थंडी वाजत होती. आयुष्यभर जे वाक्य मी व्यासपीठावरून ओरडून सांगितलं, ते या पोरीने जाळं झटकता झटकता सांगितलं. मी म्हटलं, “बुधवारी तू माझ्या घरी यायचं. तिकडे जायचं नाही.”

“आन् झटका आला तं?”

“आला तर मी आहे.”

बोलून गेले. मला झटक्यातलं काय कळतं?

१६ फेब्रुवारी, बुधवार

वच्छला सकाळपासून आमच्याकडे. रुखमाबाईंना काल सगळं सांगितलं. वच्छलाचं सगळं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

दुपारी डॉक्टर स्वतः आले. दारातून म्हणाले, उपचार मधेच तोडणं धोक्याचं आहे, ही पुन्हा पडली तर जबाबदारी तुमची.

रुखमाबाईंनी ओसरीवर घोंगडी अंथरली. “या ना डॉक्टरसायेब, बसा. दवाच द्याची हाय ना? इथीच द्या. आमी दोघी बसतो बाजूले. लागन तं पानी-गिनी देतो.”

“हा उपचार एकांतातच होतो.”

“असी कोन्ती दवा बापा! मी पन्नास बाळंतपनं केली, दार लावून केली. पन आतमंदी चार बाया राह्यत. एकटी बाई आन् एकटा मानूस, त्याले आमच्या इथी दवा नाई म्हनत.”

वच्छलाने पदर तोंडाशी नेला. मला वाटलं रडते आहे. हसत होती.

डॉक्टर माझ्याकडे वळले. “तुमच्यासारख्या बाईने या पातळीवर यावं?” मी मोठं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या सगळ्या वाक्यांपेक्षा ती घोंगडी चांगली होती. ते गेले.

१९ फेब्रुवारी, शनिवार

झटका आला. आमच्याच अंगणात. दातखीळ, डोळे पांढरे. इस्तारी ओरडला, “बाई, तुमी म्हनत होत्या ना बरी झाली म्हनून!” त्याने मला मारलं असतं तरी चाललं असतं. माझ्या मनात आलं, धावत जाऊन डॉक्टरांना आणावं, जे म्हणतील ते कबूल करावं. हे लिहिताना लाज वाटते, पण आलं.

रुखमाबाईंनी तिला कुशीवर वळवलं, डोकं मांडीवर घेतलं. शुद्धीवर आल्यावर वच्छलाने विचारलं, “पडली का मी?”

“पडली. उठशील.”

मग ती बोलायला लागली. पोराला ताप होता आणि ती झिंगे विकायला बाजारात गेली होती. सासूजवळ ठेवून. दोन पायल्या धान मिळालं म्हणून ती आनंदात आली, तर घरासमोर माणसं उभी होती. “मी हासत आली, बाई. हासत हासत आली मी.” हे ती कितीदा तरी म्हणाली. इस्तारी तिथेच होता. त्यालाही हे ठाऊक नव्हतं. तो भिंतीकडे तोंड करून बसला, मग सरकत सरकत तिच्याजवळ आला.

माझ्याजवळ दुःखावर, मातृत्वावर, दैवावर तयार वाक्यं होती. एकही काढलं नाही. ऐकणं मी डॉक्टरांकडूनच शिकले, हे नाकारणार नाही. जे त्यांनी खरं दिलं, त्याबद्दल आजही कृतज्ञ आहे. म्हणूनच राग इतका येतो. खरी भाकर दाखवून हा माणूस दार लावून घेत होता.

२३ फेब्रुवारी, बुधवार

वच्छला रोज येते. झटका नाही. येईलही पुन्हा, आता आम्ही तिघं सावध आहोत. कळलं की डॉक्टर चांद्याला दुसरं केंद्र काढताहेत. माझ्या सभेतून गेलेल्या तीन बायांपैकी दोघी अजून बंगल्यावर जातात. मी त्यांना घरी जाऊन भेटले. एकीने दार उघडलं नाही.

ज्या चौकातून मी त्यांना पाठवलं, त्याच चौकातून परत बोलवायला हवं. शालिकरामजींना आयतं कोलीत मिळेल, हे दिसतं आहे. म्हणतील, पाहा, शरीराचं उघड बोललं की असं होतं. म्हणू देत. माझं मत बदललेलं नाही: उघड बोललं नाही की असं होतं.

२७ फेब्रुवारी, रविवार

सभा झाली. आज भाषण आधी म्हणून पाहिलं नव्हतं.

मी सांगितलं की मीच तुम्हाला तिकडे पाठवलं आणि मीच सांगते आहे, जाऊ नका. मनाच्या आजाराला उपचार आहे, तो लाजेचा विषय नाही. पण जो बरं करतो त्याच्या हातात आजाऱ्याचा जीव असतो. अशा हाताने शरीर मागितलं तर त्याला उपचार म्हणत नाहीत, मग मागणारा कितीही शिकलेला असो. आजारी बाईचा होकार हा होकार नसतो, कारण तिला नकार परवडत नाही.

टाळ्या पडल्या. पहिली टाळी शालिकरामजींची! मी म्हटलं, “शालिकरामजी, थांबा. तुम्हाला आवडलं म्हणजे माझंच काही चुकलं असेल. संततिनियमनाची सभा पुढच्या महिन्यात आहेच.” लोक हसले.

पण ते बसले नाहीत. “बाई, आरोप मोठा आहे. कोणत्या बाईवर असा प्रसंग आला? नाव सांगा. नाव नसेल तर ही बदनामी आहे.”

मागून चार-पाच आवाज आले. “नाव सांगा! कोन व ती?”

एवढा मोठा चौक, पण मला एकच जागा दिसत होती. बायांच्या रांगेत वच्छलाने जमिनीला हात टेकला होता, उठण्यासाठी. शेजारी इस्तारीची आई बसली होती. नाव निघालं असतं तर या गावात तिला घर उरलं नसतं. तिचा गुडघा उचलला जाताना मी पाहिला.

मी म्हटलं, “मी.”

शालिकरामजींचं तोंड उघडं राहिलं. मी पुढे म्हटलं, “ती बाई मी आहे. छातीवर हात ठेवून श्वास मोजणारा डॉक्टर मी पाहिला आहे. आणखी नाव हवंय कोणाला?”

कोणालाच नको होतं. वच्छला खाली बसली. मग बंगल्यावर जाणाऱ्या दोघींपैकी एक उठली आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. दुसरी आली नव्हती. तिच्याकडे उद्या पुन्हा जाईन.

घरी येताना मी खुशीत होते. रुखमाबाईंना म्हटलं, “पाहिलंत? वच्छलावर आलेलं कसं अंगावर घेतलं! ऐन वेळी सुचलं. आयुष्यात पहिल्यांदा व्यासपीठावरून खोटं बोलले, पण देव असेल तर माफ करील.”

त्या चालत राहिल्या. चिंचेपाशी आल्यावर म्हणाल्या, “खोटं कुठी बोलली तू?”

मी हसायला गेले आणि हसू आलं नाही.

काय झालं, किती झालं, कधी झालं, त्यांनी काही विचारलं नाही. घरी पोचल्यावर त्यांनी चूल पेटवली, मी उंबऱ्यावर बसून राहिले. चौकातला प्रत्येक शब्द पुन्हा मनात वाजत होता: जो बरं करतो त्याच्या हातात. मी हे सगळं कोणाबद्दल बोलत होते? ही एवढी साधी गोष्ट माझ्या जावेला कधीपासून माहीत होती आणि तिने मला एकदाही हिणवलं नाही. सभेत आभार मानायला मला वेळ लागत नाही. इथे लागला.

शेवटी म्हटलं, “बाई, जरासं ऐकता का?”

त्यांनी तवा उतरवून खाली ठेवला, हात पुसले आणि माझ्याकडे तोंड करून बसल्या.